वाटलं ते नंतर

मकासरे सिस्टरांनी मला पहिल्यांदा पकडलं ते लिननच्या खोलीत. मी त्यांचीच नक्कल करत होते.

ती माझी हुकमी नक्कल होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात मागं बांधलेले, आणि आवाज रांजणाच्या तळातून यावा तसा, "पाहिलंस का वाटलं?" चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेल्या पोरी पोट धरून हसत होत्या, आणि एकदम सगळ्यांचं हसू बंद पडलं. असं हसू बंद पडलं की मागं कोण उभंय ते वळून बघायला लागत नाही. नकला करणाऱ्याला एवढं तर कळतंच.

माझी ट्रंक मला पाथर्डीच्या एस्टीच्या टपावर दिसायला लागली. वडील स्टँडवर काय बोलतील तेही ऐकू यायला लागलं.

सिस्टर आत आल्या. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चष्मा."

"चष्मा काय, सिस्टर?"

"माझा चष्मा एवढा खाली येत नाही. इथवर येतो." त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. "आणि बोलायच्या आधी मी डावीकडं बघते. ते तू केलंच नाहीस. परत कर."

"आत्ता?"

"मग काय दिवाळीला?"

मी चष्मा वर सरकवला, डावीकडं बघितलं आणि परत केलं. सिस्टरांनी मान हलवली, "आता बरं झालं," म्हणाल्या, दोन चादरी उचलल्या आणि निघून गेल्या. पोरी त्यानंतर आठवडाभर मला घाबरून होत्या. ह्या बाईला शिक्षा कशी झाली नाही, म्हणून.

आमचं हॉस्पिटल नगरात होतं आणि मी तिथं नर्सिंग शिकत होते. मकासरे सिस्टर बायकांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही मोठ्या वॉर्डांच्या मुख्य. बुटक्या, रुंद, सावळ्या. नेवाशाकडच्या कुठल्या तरी गावच्या. रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जायच्या, आल्या की तीच साडी बदलून ड्यूटीवर. लग्न केलं होतं का, केलं नव्हतं का, घरी कोण, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्या काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. आम्हा पोरींची नावंही त्या घ्यायच्या नाहीत. जी ज्या गावची, त्या गावानं हाक. "ए संगमनेर, बेडपॅन." "ए जामखेड, रडू नको, नाक पूस आणि ये." मी पाथर्डी. एकदा श्रीगोंद्याच्या दोघी एकाच वर्षाला आल्या, तर साखर कारखान्यावरच्या एकीला त्यांनी सरळ श्रीगोंदा फॅक्टरी करून टाकलं.

वॉर्डात शिरायची त्यांची एक पद्धत होती. दारात थांबायच्या. हात मागं. काही बोलायचं नाही, कुणी बोललेलं चालायचं नाही. नुसतं बघायचं. कुणाचं ताट तसंच राहिलंय, कुणाचा हात चादरीवर चाळा करतोय, कुणाचे पाय उघडे पडलेत आणि त्यानं ओढून घेतले नाहीत. नातेवाइकांची तोंडंसुद्धा बघायच्या. डॉक्टर राउंडला आले तरी सिस्टर दारात असल्या तर तेही थांबायचे. मग त्या चालायला लागायच्या आणि वॉर्ड परत सुरू व्हायचा.

पेशंटची नाडी बघायच्या तेव्हा नाडी बघून झाली तरी मनगट सोडायच्या नाहीत. मी विचारलं, एवढा वेळ काय बघता? म्हणाल्या, "श्वास मोजते. त्याला कळलं मी श्वास मोजतेय, तर तो माझ्यासाठी वेगळा घेईल. माणूस पाहुण्यासमोर बसतो तसा श्वास घेतो."

आणि 'वाटलं' ह्या शब्दाचा त्यांना राग होता. राग म्हणजे तो शब्द त्यांनी बंद केला नव्हता, त्याची पाळी मागं लावली होती. ड्यूटी बदलताना एकीनं दुसरीला रिपोर्ट द्यायचा. एखादी पोरगी म्हणायची, "सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या आजी घाबरल्यात." लगेच यायचं, "घाबरल्यात हे तुला वाटलं. पाहिलंस काय?" पोरगी चाचरायची. "सारखं दाराकडं बघतायत, सिस्टर." "हां. आता हे झालं पाहिलेलं. दाराकडं का बघतात? घाबरल्यात म्हणून, का पोरगा येणार म्हणून, का श्वास लागतोय आणि दारातून वारा येतोय म्हणून? वाटलं ते नंतर सांग."

लिननच्या खोलीतल्या प्रकारानंतर माझा रिपोर्ट त्यांनी वेगळाच करून टाकला. मी म्हणाले, अमका पेशंट कण्हतोय. त्या म्हणाल्या, "कसा?"

"म्हणजे कण्हतोय."

"पाथर्डी, तुला देवानं जे दिलंय ते लिननच्या खोलीत ठेवू नकोस. करून दाखव."

मी कण्हून दाखवलं. श्वास सोडताना कण्हायचा तो, आणि शेवटी थोडा अडकायचा. सिस्टर ऐकत राहिल्या, मग उठून त्या पेशंटच्या खाटेशी गेल्या आणि त्याच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. तेव्हापासून हे रोजचं झालं. सगळ्या पोरी बोलून रिपोर्ट द्यायच्या आणि मी करून. खोकला, लंगडणं, कूस बदलताना कुठला हात आधी टेकतो ते. बाकीच्या म्हणायच्या, हिचं बरंय, हिला पगारी तमाशा मिळाला. पण तमाशा करायला गेले की सिस्टर थांबवायच्या. "वाढवू नको. लोकांना हसवायला तू एक गोष्ट मोठी करतेस. आत्ता हसायला कुणी बसलेलं नाही. जेवढं होतं तेवढंच."

जेवढं होतं तेवढंच करणं हे नकलेपेक्षा लई अवघड असतं. करून बघा.

एक संगमनेरकडचे म्हातारे होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांच्या तोंडाला शिवीशिवाय चव नव्हती. सुई टोचली शिवी, चहा आला शिवी, चहा नाही आला तर दोन. आम्ही त्यांच्या खाटेला उकिरडा म्हणायचो. एका सकाळी मी गेले तर म्हातारे हात जोडून म्हणाले, "या ताई. जेवलात का?" मला इतकं बरं वाटलं. मी सिस्टरांना म्हणाले, म्हातारे सुधारले. आणि करून दाखवलं, हात जोडणं, मऊ आवाज, सगळं.

सिस्टर अर्ध्यात उठल्या. "काल शिव्या देत होता ना?"

"हो."

"मग आज काय झालं?"

जाऊन बघितलं तर म्हाताऱ्यांची नाडी भरभर पळत होती आणि हाताला लागत नव्हती. ओठ पांढरे. डॉक्टरांना निरोप गेला, ते आले, पोटावर हात ठेवला आणि म्हातारे परत थिएटरमध्ये. आत रक्त सुटलं होतं. वाचले. चार-आठ दिवसांनी मी जेवणाचं ताट ठेवलं तर मला आईवरून शिवी हासडली. सिस्टर दारात होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "देवा, आभार." हे मात्र मी हसवायला म्हणून नेहमी करून दाखवते, आणि लोक हसतात.

त्या काही प्रत्येक वेळी बरोबर नव्हत्या. एकदा एक बाळंतीण डोक्यावरून पांघरूण घेऊन हलेना की बोलेना. सिस्टरांनी डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. पांघरूण काढलं तर बाई सासूला चोरून आणलेली कांदाभजी खात होती. डॉक्टरांचा हात अजून खरकटा होता. ते नुसते भज्यांकडं बघत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "चुकले, डॉक्टर. ह्या बाजूनं चुकलेलं बरं." आणि डॉक्टर म्हणाले, "दरवेळी ह्याच बाजूनं चुका." दोघांचं असं होतं. एकमेकांवर चिडायचे, पण निरोप गेला आणि डॉक्टर आले नाहीत असं कधी झालं नाही.

मग दुष्काळाचा दुसरा उन्हाळा आला.

जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली होती. माणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. दिवसभर उन्हात, टँकर आला तर पाणी, नाही आला तर नाही. दुपारपासून ट्रक यायचे आणि आमच्या व्हरांड्यात माणसं उतरवून जायचे. ऊन लागलेली, जुलाब-उलट्यांनी गळालेली. खाटा संपल्या, मग चटया संपल्या. सलाईनच्या बाटल्या आम्ही खिडकीच्या गजांना टांगायचो. सगळ्यांच्या जिभा कोरड्या, सगळ्यांच्या तोंडात एकच, पानी. सिस्टर ट्रकच्या फळीपाशी उभ्या राहायच्या आणि माणूस खाली घेता घेता सांगायच्या, "ऊन. ऊन. जुलाब. ऊन." दारात थांबून बघायला त्यांना दारच राहिलं नव्हतं, दारात पण पेशंट होते.

त्यातच एक दिवस सकाळी हौसाबाई आली. पाथर्डी रस्त्याच्या कामावरची, माझ्यापेक्षा थोडी मोठी. नवरा किसन बरोबर होता, काखेत तिच्या चपला धरून. म्हणाला, "पहाटंपास्नं पोटात कळ येत हुती. तरी कामाव आली. मंग वकली आन् बसलीच."

सिस्टरांनी तिची जीभ पाहिली. हाताच्या पाठीनं कपाळ पाहिलं. "ऊन. सलाईन लाव."

व्हरांड्यातल्या त्या टोकाला मी होते. सलाईन लावलं. हौसाबाई तरटाचं, दोरीचं काहीबाही बोलत होती, पण बोलणं नाकातून येत होतं, पडसं झाल्यासारखं. मी पाणी पाजलं, ते तिला गिळेना, ठसका लागला आणि नाकातून परत आलं. मग गप्प झाली. सिस्टर येऊन गेल्या तेव्हा मी म्हणाले, "हिला झोप येतेय बहुतेक."

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून कळा काढल्यात तिनं." आणि पुढच्या पेशंटकडं वळल्या.

दुपार व्हायच्या आत हौसाबाईचा श्वास थांबला. डॉक्टर धावत आले, त्यांनी छाती दाबली, सुया दिल्या, गुडघ्यांवर बसून बराच वेळ धडपडले. मग उठले. ऊन लागून मृत्यू, असं झालं. तशी त्या आठवड्यात आणखी माणसं गेली होती. किसननं तिला नेलं. आला होता त्याच ट्रकनं.

सिस्टर हात धुवायला गेल्या त्या बराच वेळ धूतच होत्या. मग मला म्हणाल्या, "पाथर्डी, इकडं ये." लिननच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"हौसाबाई करून दाखव."

मला कळेना. म्हणजे कळलं, पण करवेना. "सिस्टर, गेलेल्या माणसाची नक्कल कशी करू?"

"नक्कल करू नकोस. ती कशी होती ते दाखव. माझ्याकडून बघायचं राहिलंय."

मी गठ्ठ्याला टेकून बसले आणि हौसाबाई केली. मान मागं, हनुवटी वर. डोळे अर्धे मिटलेले. बोलणं नाकातून. पाण्याचा घोट, ठसका. जेवढं होतं तेवढंच.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "हनुवटी वर का केलीस?"

"तिची होती."

"कपाळ असं का?"

मला माहीत नव्हतं माझं कपाळ कसं झालंय. हात लावला तर आठ्या पडल्या होत्या. "तिचं असंच होतं, सिस्टर."

"झोप आलेल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात का?"

सिस्टर माझ्यासमोर खाली बसल्या. त्यांनी स्वतः हनुवटी वर केली, डोळे अर्धे मिटले, आणि तसंच माझ्याकडं बघायचा प्रयत्न करायला लागल्या. बघायला जायचं तर कपाळ आपोआप वर जात होतं. त्यांनी तीन-चारदा केलं. मग डोळे उघडले.

"ती झोपत नव्हती," त्या म्हणाल्या. "पापण्या उचलायला बघत होती. उचलत नव्हत्या. पापण्यांच्या खालून बघायला म्हणून तोंड वर केलं होतं तिनं. ती आपल्याला बघत होती गं."

मग जरा थांबून, "आणि अंग गार होतं. मी हात लावला तेव्हा गार लागलं मला. ऊन लागलेल्याचं अंग गार कसं? मी म्हणाले, ट्रकच्या वाऱ्यानं उतरलं असेल. मी पाहिलं एक आणि जे वाटत होतं ते त्याच्यावर पांघरलं."

डॉक्टरांकडं आम्ही दोघी गेलो. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळची बाई उन्हानं गेली नाही. कशानं गेली ते मला माहीत नाही. ही करून दाखवते ते बघा."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडं बघितलं, ही काय थट्टा आहे म्हणून. मग सिस्टरांच्या तोंडाकडं बघितलं आणि पेन ठेवलं. मी परत हौसाबाई केली आणि तिच्या पोटातल्या कळेचंही सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "पोटात दुखत होतं म्हणालात? पहाटेपासून?" आणि खुर्चीत मागं टेकले. "मण्यार."

मण्यार चावते ती झोपलेल्या माणसाला, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पोटात कळ येते, पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाची पाळी येते. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सिस्टरांनी मला एकच विचारलं, "ती झोपायची कुठं? नवरा काही बोलला?"

बोलला होता. कामावरच तरटाची पालं टाकून राहतात म्हणाला होता. एका पालात किसन, त्याचा भाऊ, आणि दोघांच्या बायका.

"जाऊ तिच्या शेजारीच झोपत असणार," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी काही न विचारता जीपची किल्ली ड्रायव्हरकडं फेकली.

कामावर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं ओळीनं बसलेली, खडीचे ढीग, आणि सगळीकडं हातोड्यांचा आवाज. मुकादम आडवा आला. "सिस्टर, आत्ताच एक मयत झालीया. तुमी आनिक येऊन लोकं बिथरवू नका. काम बंद पडंल."

"किसनची भावजय कुठंय?"

"रखमा? ती बसलीया तिकडं. वाटपाची सुकडी जास्त खाल्ली आन् आता पोट धरून बसलीया. दुखवट्याची रड हाय, दुसरं काई न्हाई."

"हे तुम्हाला वाटलं," सिस्टर म्हणाल्या आणि त्याच्या बाजूनं पुढं गेल्या.

रखमा ढिगाच्या सावलीला बसली होती. हातोडी मांडीवर तशीच. रडून डोळे सुजलेले होते, त्यामुळं पापण्यांचं काही कळेना. सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"रखमा, इकडं बघ. माझ्या बोटाकडं. वर बघ."

रखमानं वर बघितलं. डोळे गेले, पापण्या मागं राहिल्या.

सिस्टरांनी एक बोट तिच्यासमोर धरलं. "किती बोटं?"

"काय इचारताय बाई. दोन."

सिस्टरांच्या तोंडाकडं मी बघत होते. काही हललं नाही. त्यांनी बोट खाली घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चल गं. माझ्याबरोबर यायचंय तुला."

तिला जीपमध्ये घेतलं. जाता जाता त्यांनी मुकादमाला सांगितलं, ते पाल आत्ताच्या आत्ता तिथून हलवा, जमिनीवर कुणी झोपायचं नाही, अंथरूण झटकल्याशिवाय टेकायचं नाही. किसन कुठं दिसला नाही. तो मसणात होता.

हॉस्पिटलमध्ये सापाच्या विषावरची लस तयार होती. अर्ध्या वाटेतच रखमाचा आवाज नाकात गेला होता, आणि संध्याकाळच्या आत तिचा श्वास उथळ झाला. डॉक्टरांनी तिच्या श्वासनळीत नळी घातली आणि तिला रबरी पिशवी जोडली. ती पिशवी हातानं दाबायची, सोडायची. आपण दाबू तेव्हा ती श्वास घेणार. आमच्यातल्या प्रत्येकीनं पाळीपाळीनं दाबली. डॉक्टरांनी, ड्रायव्हरनं, स्वयंपाकघरातल्या मावशींनी. हाताला गोळे यायचे. सिस्टर दाबायच्या तेव्हा तिच्याशी बोलायच्या. "रखमा, तुला सगळं ऐकू येतंय, मला ठाऊक आहे. डोळे उघडत नाहीत म्हणून झोपलीस असं कुणी समजत नाही इथं." त्यांनी आम्हाला बजावलं होतं, तिच्या खाटेशी असं काही बोलायचं नाही जे जागं माणूस ऐकल्यावर घाबरेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमाच्या कपाळाला आठी पडली. एवढीशी. सिस्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून ती आठी दाखवली. मग पापणी हलली. मग बोट. नळी काढायला आणखी वेळ लागला, पण ती वाचली. पहिलं बोलली ते मला. घसा बसलेला होता. म्हणाली, "तू लई बडबडतीस."

पिशवी दाबायची पाळी असली की मी तिला सगळ्या वॉर्डाच्या नकला ऐकवत होते.

आता खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण सिस्टर म्हणाल्या, किसनला सांगायला जायचंय.

डॉक्टर म्हणाले, "काय सांगणार? बाई तर परत येणार नाही. तो दुःखात आहे, त्यात हे कशाला? आणि वेळेवर कळलं असतं तरी ती वाचली असतीच असं मी छातीठोक सांगू शकत नाही."

"तसंच सांगेन," सिस्टर म्हणाल्या. "पण त्याला मी चुकीचं कारण दिलंय. ते तो घेऊन बसला असेल."

डॉक्टरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "जा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत सिस्टरांची बदली जामखेडकडच्या दवाखान्यात झाली. त्यांनीच मागून घेतली म्हणतात, तिकडं दुष्काळ जास्त होता आणि माणसं कमी. त्या गेल्या त्या दिवशी मी थिएटरला होते, भेट झाली नाही. पुढं मीही संगमनेरला लागले. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या किसनकडं गेलो त्या दिवसाच्याच.

डॉक्टर 'जा' म्हणाले त्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीला आम्ही दोघी एस्टीनं गेलो. फाट्यावर उतरून चालत. मला कशाला नेताय, विचारलं तर म्हणाल्या, "शेवटचं बोलणं तुझ्याशी झालं तिचं. त्यानं विचारलं तर सांगायला कुणी पाहिजे."

किसन खडी फोडत होता. आम्हाला बघून उठला, त्याला वाटलं रखमाचं काही झालं. सिस्टर म्हणाल्या, रखमा जेवतेय, बरी आहे. मग ढिगाच्या कडेला बसल्या आणि त्याला बसवलं. मी जरा लांब उभी राहिले.

"किसन, हौसा उन्हानं गेली नाही. तिला मण्यार चावली होती, झोपेत. रखमाला तेच झालं. मी त्या सकाळी हौसाला हात लावला, पण मला ओळखता आलं नाही. मी ऊन म्हणाले, ते चुकीचं होतं."

किसन त्यांच्याकडं बघत राहिला. "पर जनावर घावलं न्हाई, बाई. रखमाला नेल्याव पालाजवळचा समदा ढीग उपसला आमी."

"नाही घावणार. पण दोघी शेजारी झोपल्या, दोघींच्या पोटात कळ आली, दोघींच्या पापण्या पडल्या. एकीला लस दिली, ती उठली. ह्यावरून मी सांगते."

तो खडीवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मंग तवा वळकलं असतं तर वाचली असती?"

"कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत. पण वाचवायला हात लावता आला असता. तो मी लावला नाही."

मला वाटलं आता हा ओरडेल. शिव्या देईल, अंगावर येईल. सिस्टरांनाही तेच वाटत असावं, कारण त्या अगदी सरळ बसल्या होत्या. पण किसन वेगळंच बोलला.

"ती म्हनली हुती, आज ऱ्हाते पालात. पोटात दुखतंय. म्या म्हनलं, हजेरी बुडंल. म्याच उठवून आनली तिला उन्हात. तवापास्नं ऊन पडलं की मला वाटतं हेनं न्हाई, म्याच मारली."

सिस्टरांनी डावीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "ती पालात राहिली असती तरी हेच झालं असतं. सावलीत झालं असतं. उन्हानं काही केलं नाही तिला. आणि तू पण नाही. उलट तू तिला ट्रकात घालून आमच्यापर्यंत आणलीस. तिथून पुढचं आमचं होतं."

किसननं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, "काई बोलली का ती? जाताना?"

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं.

मला हौसाबाईचा आवाज येत होता. हुबेहूब. तो घशापर्यंत आलाही. पण मी माझ्याच आवाजात सांगितलं. "ती म्हणाली, ह्यांना सांगा, तरटाची दोरी घट्ट बांधा. दुपारी वारं सुटतं."

किसननं मान वळवून पालांकडं बघितलं. "बांधली हाय," तो म्हणाला.

मुकादमानं लांबून हाक मारली. किसन उठला, जागेवर जाऊन बसला आणि हातोडी उचलली. सिस्टर उठल्या, साडीवरची खडीची धूळ झटकली. "चल," म्हणाल्या.

आम्ही फाट्याकडं निघालो. मागं त्या सगळ्या ओळीच्या हातोड्यांचा आवाज चालू होता. सगळ्यात जवळचा किसनचा, तो वेगळा ऐकू येत होता. काही पावलं गेलो आणि तो थांबला. मी वळायला लागले, तर सिस्टरांनी माझं कोपर धरलं. जोरात नाही.

"कुणी बघत नाही असा थोडा वेळ त्याला मिळू दे," त्या म्हणाल्या.

आणि मकासरे सिस्टर समोर रस्त्याकडं बघत, मागं न वळता, चालत राहिल्या.